लिंगभाव मूल्यमापनाची ऑनलाइन सेवा : प्रिस्क्रिप्शन मिळाल्यानंतरचे परीक्षण

लिंगभावाचे (जेंडरचे) मूल्यमापन, समुपदेशन, संप्रेरक (हार्मोन) उपचार आणि ट्रान्झिशनसाठी, म्हणजे जन्मतः नोंदवलेल्या लिंगाकडून स्वतःच्या लिंगओळखीकडे जाण्यासाठी, लागणारे पुढचे वैद्यकीय साहाय्य एकाच ठिकाणी ऑनलाइन पुरवणाऱ्या एका सेवेकडे मी नोंदणी केली, तिच्याच डॉक्टरांकडून उपचार सुरू केले आणि आजही मी त्यांच्याकडे फॉलो-अपला आहे. सेवेचे नाव मी लिहीत नाही, कारण माझ्या उपचारांची सगळी कागदपत्रे तिच्याकडे आहेत आणि मी ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मतः पुरुष म्हणून नोंदली गेलेली स्त्री, असल्याचे माझ्या आयुष्यातल्या सर्वांना अद्याप ठाऊक नाही. अशी सेवा निवडू पाहणाऱ्याला उपयोगी पडेल इतका तपशील मात्र मी देणार आहे. माझे मत आधीच सांगते. पहिले प्रिस्क्रिप्शन किती लवकर हाती पडते यावर बहुतेक जण अशा सेवांना जोखतात. मी ही सेवा त्या प्रिस्क्रिप्शननंतर ती माझ्याबरोबर किती लक्ष देऊन राहिली यावर जोखली आहे. या कसोटीला ती बऱ्याच अंशी उतरली, काही बाबतींत कमी पडली, आणि एका बाबतीत तर तिने मला गोत्यात आणले असते.

प्रत्यक्ष दवाखान्याऐवजी ऑनलाइन मार्ग का निवडला, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. लिंगभावाच्या प्रश्नांचा अनुभव असलेले डॉक्टर सर्वत्र नसतात, जिथे असतात तिथे प्रतीक्षायादी मोठी असते, आणि ओळखीच्या कोणी प्रतीक्षागृहात पाहिले तर काय, ही भीती वेगळीच असते. त्याआधी एका मानसोपचारतज्ज्ञांना मी प्रत्यक्ष भेटले होते. त्यांनी माझे म्हणणे पुरते ऐकून न घेताच हा टप्पा आपोआप निघून जाईल असे सांगितले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यामुळे या सेवेच्या माहितीपत्रात मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधली : व्यक्तीची लिंगओळख बदलण्याचा प्रयत्न करणारे कथित उपचार आपण करत नाही, असे ते स्पष्ट शब्दांत लिहितात की नाही. ते लिहिलेले होते. ज्या सेवेला याबाबत एक वाक्य लिहिणे अवघड वाटते, तिच्याकडे पुढे चौकशी करण्यातही वेळ घालवू नये, असे मला वाटते.

नोंदणीचा अर्ज लांब आहे, परंतु विचारपूर्वक तयार केलेला आहे. कागदोपत्री नाव आणि वापरातले नाव यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत, आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर, औषधाच्या पाकिटावर, ईमेलमध्ये व व्हिडिओ भेटीच्या वेळी पडद्यावर कोणते नाव दिसावे, हे वेगवेगळे ठरवता येते. लिंगओळखीच्या प्रश्नाला ‘अजून ठरलेले नाही’ असे उत्तर देता येते आणि त्या उत्तरानंतर अर्ज अडत नाही. संपर्कासाठी सुरक्षित वेळ कोणती, फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगावे, आणि भेटीच्या मध्येच कोणी खोलीत आले तर विषय बदलण्यासाठी कोणता सांकेतिक शब्द वापरावा, हेही विचारलेले होते. घरात स्वतःची खोली नसलेल्या माणसाच्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्न किती मोलाचा आहे, हे ज्याला त्या परिस्थितीतून जावे लागले आहे त्यालाच कळेल.

इतकी काळजी घेणाऱ्या सेवेकडून जी चूक झाली ती म्हणूनच अधिक बोचली. भेटीची आठवण करून देणाऱ्या ईमेलच्या विषयाच्या ओळीत ‘हार्मोन थेरपी : तुमची उद्याची भेट’ असे शब्द होते, आणि ते फोन लॉक असतानाही पडद्यावर दिसत होते. तेव्हा फोन घरातल्या सामाईक टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. अर्जात सुरक्षित वेळ विचारायची आणि आठवणीच्या संदेशात सगळे उघड करायचे, ही विसंगती माझ्या मते अक्षम्य आहे. मी तक्रार केली. उत्तर यायला वेळ लागला, पण ते आले, आणि त्यानंतरच्या संदेशांत केवळ ‘तुमची भेट’ एवढेच शब्द असतात. सर्वांसाठी ही व्यवस्था बदलली, की माझ्या खात्यापुरतीच, याचे स्पष्ट उत्तर मात्र मला मिळालेले नाही. नवीन नोंदणी करणाऱ्याने पहिल्याच दिवशी आठवणीच्या संदेशाचा नमुना मागून घ्यावा, बँकेच्या विवरणात पैसे कोणत्या नावाने वळते होतात हे विचारावे, आणि फोनवरच्या सूचनांचा मजकूर लपवण्याची सोय चालू करावी.

आता मुख्य भाग, म्हणजे मूल्यमापन. त्याची अनेकांना धास्ती असते, आणि ती निराधार नाही. ठरावीक साच्यातली कहाणी सांगितली तरच उपचार मिळतात, असे पूर्वी अनेकांनी अनुभवले आहे; त्यामुळे लहानपणीच्या खेळण्यांपासून कपड्यांपर्यंत योग्य उत्तरे पाठ करून जाण्याची सवय आमच्यातल्या अनेकांना लागलेली असते. इथल्या मानसशास्त्रज्ञांनी सुरुवातीलाच सांगितले की मला काही सिद्ध करायचे नाही. त्यांनी पडद्यावर निदानाचे निकष उघडले आणि एकेक निकष माझ्याबरोबर वाचला. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत ‘जेंडर डिस्फोरिया’ (लिंगभावाच्या विसंगतीमुळे होणारा क्लेश) या निदानासाठी प्रौढांमध्ये सहापैकी किमान दोन लक्षणे किमान ६ महिने असावी लागतात आणि त्यांच्यामुळे व्यक्तीला लक्षणीय क्लेश किंवा दैनंदिन व्यवहारात अडचण होत असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात क्लेशाची ही अटही नाही. तिथे अनुभवलेला लिंगभाव आणि जन्मतः नोंदवलेले लिंग यांच्यातली ठळक व सातत्याने टिकलेली विसंगती पुरेशी मानली आहे. मे २०१९ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या या वर्गीकरणाने ही स्थिती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित प्रकरणात नेऊन ठेवली. हे सर्व मी आधी वाचलेले होते. परंतु समोर बसलेल्या डॉक्टरांच्या तोंडून, माझ्या स्वतःच्या फाइलच्या संदर्भात ते ऐकताना जो धीर आला तो वाचनाने आला नव्हता.

एक प्रश्नावलीही भरून घेतली गेली. दहा प्रश्नांत निकाल देणाऱ्या चाचण्या इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत आणि त्यांच्या निकालावर विसंबून लोक आयुष्याचे निर्णय घेऊ पाहतात, याची मला मनापासून चिंता वाटते. कोणतीही प्रश्नावली कोणाचा लिंगभाव ठरवू शकत नाही. संशोधनात वापरली जाणारी उट्रेक्ट जेंडर डिस्फोरिया स्केलसुद्धा क्लेशाची तीव्रता मोजण्याचे साधन आहे. ती निकालपत्र देत नाही. या सेवेत प्रश्नावलीतली माझी उत्तरे संवादाला सुरुवात म्हणून वापरली गेली. ज्या प्रश्नापाशी मी ‘सांगता येत नाही’ असे लिहिले होते, तिथेच मानसशास्त्रज्ञ सर्वांत जास्त थांबल्या. आवाजाबद्दल मला इतका त्रास का होतो आणि उंचीबद्दल का होत नाही, एकटी असताना मी स्वतःशी कशी बोलते, शरीरात काहीही बदल न करता केवळ नाव व वावर बदलला तर काय वाटेल, असे त्यांचे प्रश्न होते. बोलता बोलता मी काही वेळा पुल्लिंगी क्रियापदांवर घसरत होते. त्या प्रत्येक वेळी त्यांनी मला टोकले नाही, भेटीच्या अखेरीस फक्त विचारले की कोणत्या विषयांवर बोलताना असे होते, हे माझ्या लक्षात आले आहे का. ते विषय कामाचे आणि वडिलांचे होते. पुढच्या भेटीचा बराचसा वेळ त्यावर गेला, आणि मला आजवर मिळालेल्या समुपदेशनातला तो सर्वांत उपयोगी वेळ होता.

नैराश्य, चिंता, भ्रम, स्वतःला इजा करण्याचे विचार, व्यसने यांबद्दलही सविस्तर विचारणा झाली. अशा विचारणेने काही जण दुखावतात, हे मी समजू शकते. पण वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ, म्हणजेच डब्ल्यूपॅथ, या संस्थेच्या २०२२ च्या आठव्या मानक आवृत्तीत या विचारणेचे प्रयोजन नीट सांगितले आहे : लिंगभावाच्या विसंगतीसारखे भासू शकणारे दुसरे काही कारण नाही ना हे पाहावे, आणि उपचारांच्या परिणामावर प्रभाव पाडणाऱ्या मानसिक व शारीरिक बाबी समजून घ्याव्यात. नैराश्य आहे म्हणून उपचार नाकारावेत, असा त्याचा अर्थ होत नाही. उपचारांआधी मानसोपचारांचा ठरावीक काळ पूर्ण केलाच पाहिजे, अशी सक्तीही ते मानक करत नाही. मला त्या काळात नैराश्य होते आणि सेवेने दोन्ही उपचार बरोबरीने चालवले. ट्रान्झिशन होईल तेव्हा नैराश्य आपोआप जाईल, असे खोटे आश्वासन कोणी दिले नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

संमतीसाठी एक स्वतंत्र भेट ठेवलेली होती, आणि तिच्यात डॉक्टरांनी कोणतीही घाई केली नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सुरू केल्यावर साधारण ३ ते ६ महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते आणि पूर्ण वाढीला २ ते ३ वर्षे लागतात. ही वाढ औषध थांबवले तरी नाहीशी होत नाही. चरबीचे वितरण आणि त्वचेचा पोत बदलतो. आवाज मात्र बदलत नाही, दाढीही जात नाही; त्यासाठी आवाजाचा सराव आणि लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसांची मुळे नष्ट करणे) हेच मार्ग आहेत, आणि पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत आवाज जाड होणे कायमचे असते, आणि मासिक पाळी थांबली तरी ते संततिनियमनाचे साधन होत नाही, हेही त्यांच्या लेखी माहितीत ठळक अक्षरांत आहे. प्रजननक्षमतेचा विषय डॉक्टरांनी मी न विचारता काढला. इस्ट्रोजेनने शुक्राणूंची निर्मिती घटते आणि ती पूर्ववत होईलच अशी हमी देता येत नाही, म्हणून शुक्राणू साठवायचे असतील तर उपचारांआधी साठवावेत, असे सांगून त्यांनी विचाराला वेळ दिला आणि ‘नको’ हे माझे उत्तर त्याच भेटीत स्वीकारले नाही. पुढच्या भेटीत पुन्हा विचारून मगच लिहून घेतले. तेव्हा मला हा उशीर जाचक वाटला होता. आज मला तो त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

अंतःस्रावतज्ज्ञांच्या, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या, भेटीत पडद्याच्या मर्यादा स्पष्ट झाल्या, आणि त्यांनी त्या झाकल्या नाहीत. रक्तदाब, वजन, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, रक्तातील चरबी, इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) आणि टेस्टोस्टेरॉन यांचे अहवाल आल्याशिवाय एकही गोळी लिहून मिळणार नाही, असे त्यांनी सांगितले. घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, मी सिगारेट ओढते का, अर्धशिशीच्या वेळी डोळ्यांसमोर प्रकाशाच्या रेषा दिसतात का, हे प्रश्न त्यांनी एका दमात न विचारता एकेक करून विचारले. मी आधी स्वतःहून काही घेतले आहे का, हेही विचारले, आणि तो प्रश्न विचारण्याची पद्धत अशी होती की खरे सांगायला संकोच वाटू नये. डॉक्टर मिळत नसल्यामुळे अनेक ट्रान्स स्त्रिया दुकानात सहज मिळणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतात, हे कोणी उघडपणे बोलत नाही. त्या गोळ्यांमधील इथिनाइल इस्ट्राडायोलने गुठळ्यांचा धोका खूप वाढतो. एंडोक्राइन सोसायटी या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या उपचारांत ते वापरायचे नसते. त्याऐवजी १७-बीटा इस्ट्राडायोल गोळी, पट्टी, जेल किंवा इंजेक्शन यांच्या रूपात देतात, आणि ज्यांना गुठळ्यांचा धोका अधिक आहे त्यांच्यासाठी त्वचेवाटे जाणारा प्रकार अधिक सुरक्षित समजला जातो. टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या औषधांबद्दलही त्यांनी निवड समजावून दिली : स्पायरोनोलॅक्टोन घेतले तर पोटॅशियम तपासत राहावे लागते, सायप्रोटेरोनचा मोठा डोस दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा या गाठीचा धोका असतो, आणि त्यामुळेच २०२० मध्ये युरोपीय औषध नियामकांनी त्याच्या वापरावर बंधने आणली. कोणत्याही डॉक्टरने ‘हे घ्या, सगळे हेच घेतात’ असे म्हणून चिठ्ठी हाती दिली, तर प्रश्न विचारावेत.

इथून पुढचा भाग सेवेच्या बाजूने मी सर्वांत आवर्जून सांगेन. पहिल्या वर्षी साधारण दर ३ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एक-दोनदा रक्ततपासणी करावी, असे एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या सूचना सांगतात, आणि सेवेने हा क्रम काटेकोरपणे पाळला. तपासणीच्या आधी मला दर वेळी एक टिपण येते. जेल लावलेल्या हातातून रक्त देऊ नये, कारण त्वचेवर उरलेल्या औषधाने इस्ट्राडायोलचा आकडा फुगतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते आधी थांबवा, कारण मोठ्या डोसमुळे काही संप्रेरक चाचण्यांचे निकाल चुकतात. औषधाचा शेवटचा डोस किती वाजता घेतला, ते लिहून ठेवा. एका अहवालात माझे हिमोग्लोबिन लाल रंगात, बाणाच्या खुणेसह छापून आले. मी घाबरले. त्याच संध्याकाळी अंतःस्रावतज्ज्ञांचे उत्तर आले की प्रयोगशाळेने माझ्या कागदोपत्री नोंदीनुसार पुरुषांची मर्यादा छापली आहे, इस्ट्रोजेन घेणाऱ्या व्यक्तीचे हिमोग्लोबिन स्त्रियांच्या मर्यादेकडे सरकणे अपेक्षित असते, आणि माझा आकडा ठीक आहे. तरीही खात्रीसाठी लोहाची पातळी त्यांनी पुढच्या तपासणीत जोडली. ही दोन ओळींची टीप मिळाली नसती तर मी कोणत्या तरी अनोळखी डॉक्टरांकडे रक्तक्षयाची औषधे मागायला गेले असते, आणि तिथे आधी मी कोण आहे हे समजावण्यात वेळ गेला असता.

सेवेची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. मधल्या काळात माझे अंतःस्रावतज्ज्ञ सेवा सोडून गेले आणि ही माहिती मला नव्या डॉक्टरांनी भेटीत येऊन स्वतःचे नाव सांगितले तेव्हा कळली. नव्या डॉक्टरांनी फाइल वाचलेली होती, हे मान्य करते. परंतु ज्या माणसासमोर आपण शरीराबद्दल बोलायला कसेबसे शिकलो, तो पडद्यावरून न सांगता नाहीसा होणे ही लहान बाब नाही. मजकुराने बोलण्याच्या मदत-खिडकीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना वैद्यकीय माहिती नसते, आणि औषध संपत आल्याचे कळवूनही उत्तराला उशीर झाल्याने माझ्या डोसमध्ये एकदा खंड पडला. मासिक वर्गणी आपोआप चालू राहते, थांबवण्याची सोय मात्र खात्याच्या आत खोलवर दडवलेली आहे. उपचार घेणाऱ्या माणसाला ग्राहक म्हणून धरून ठेवण्याची ही पद्धत सेवेने सोडावी, असे मी त्यांना लिहूनही कळवले आहे.

आवाजाचा सराव ऑनलाइन कितपत जमेल, याबद्दल मी साशंक होते, पण तो भाग उत्तम निघाला. व्हिडिओ भेटीचे सॉफ्टवेअर पार्श्वभूमीचा आवाज गाळते आणि लांबवलेला स्वर त्याला गोंगाट वाटतो, त्यामुळे ‘आ’ म्हणत राहिले की दोन सेकंदांत समोरच्याला काहीच ऐकू येईनासे होते. वाचातज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत ही गाळणी बंद करून घेतली, साध्या हेडफोनचा मायक्रोफोन तोंडापासून ठरावीक अंतरावर ठेवायला लावला, आणि दर भेटीआधी मी केलेले ध्वनिमुद्रण मागवून घेतले. स्त्रियांच्या बोलण्याची पट्टी साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असते आणि पुरुषांची १०० ते १२० च्या आसपास, त्यामुळे नवशिकी व्यक्ती नुसती पट्टी चढवत जाते आणि घसा बसवून घेते. तज्ज्ञांनी पट्टीआधी अनुनादावर काम घेतले : घशाची पोकळी आणि जिभेची ठेवण बदलून आवाजाचा भरणा कसा हलका होतो, हे त्यांनी मला माझ्याच दोन ध्वनिमुद्रणांत ऐकवले. दोन्हींत पट्टी एकच होती, तरी पहिल्यात मला ओळखीचा जुना आवाज ऐकू आला आणि दुसऱ्यात बाईचा.

शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या शिफारसपत्राबाबत सेवा कमी पडली. डब्ल्यूपॅथच्या आठव्या मानक आवृत्तीनुसार पात्र तज्ज्ञाचे एक पत्र पुरेसे असते. सातव्या आवृत्तीत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन पत्रे लागत. पण बरेच शल्यचिकित्सक, रुग्णालये आणि विमा कंपन्या अजून जुनीच अट धरून बसतात, आणि देशोदेशीचे कायदे आणखी वेगळे असतात. मला मिळालेल्या पत्रात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता, मूल्यमापन किती काळ चालले याचा उल्लेख नव्हता, आणि एका ठिकाणी माझे कागदोपत्री नाव, दुसऱ्या ठिकाणी वापरातले नाव, असा घोळ होता. ते पत्र तसेच दिले असते तर शल्यचिकित्सकांनी परतच पाठवले असते. दुरुस्त पत्र मिळाले, पण ते मला मागून घ्यावे लागले. पत्र मागण्याआधी ज्यांच्याकडे ते द्यायचे आहे त्यांच्याकडून लेखी अपेक्षा मिळवाव्यात आणि त्या सेवेला पाठवाव्यात; असे केले की पत्र बहुधा पहिल्याच फेरीत नीट येते.

कुटुंबीयांसाठी ठेवलेल्या भेटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माझी बहीण एकदा सामील झाली, तिच्या प्रश्नांना समुपदेशकांनी संयमाने उत्तरे दिली, आणि माझ्या परवानगीवाचून माझ्या फाइलमधले काहीही तिला सांगितले नाही.

ही सेवा कोणी घ्यावी, याबाबत माझे मत ठाम आहे. जी प्रौढ व्यक्ती दाराआड बसून मोकळेपणाने बोलू शकते, जवळच्या प्रयोगशाळेत रक्त देऊ शकते आणि अडचण आल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांकडे जाऊ शकते, तिने ही सेवा निःशंक मनाने घ्यावी. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांचा यकृताचा किंवा हृदयाचा आजार चालू आहे, त्यांनी मूल्यमापन ऑनलाइन करावे, पण संप्रेरके सुरू करण्यासाठी हाताने तपासणारा डॉक्टर शोधावा. १८ वर्षांखालील मुलांसाठी ही सेवा नाही आणि ती तसे स्पष्ट सांगते. मुलांच्या बाबतीत पालक, बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून, सावकाश आणि प्रत्यक्ष काम करावे लागते. ट्रान्स पुरुषांनी एक गोष्ट आधी तपासावी : अनेक देशांत टेस्टोस्टेरॉन नियंत्रित औषधांत मोडते, त्यामुळे केवळ ऑनलाइन भेटीवर ते लिहून देता येते की नाही, हे नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे. पडद्यापलीकडचा डॉक्टर त्या रात्री तुमच्याजवळ पोहोचू शकत नाही, आणि ही सेवासुद्धा आपल्या पहिल्या पानावर हेच सांगते. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर मदत-खिडकीत टाइप करत बसू नये. थेट आपत्कालीन विभागात जावे, आणि आपण इस्ट्रोजेन घेतो हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगावे. मी माझ्या औषधांची यादी आणि शेवटचा अहवाल यांची एक छापील प्रत पाकिटात ठेवते. सेवेच्या ॲपमधून ती दोन्ही नावांनी काढता येते. रुग्णालयासाठी कागदोपत्री नावाची प्रत घ्यावी.